सालामांकात स्पॅनिश कुटुंबासोबत राहून शिकायचं असेल तर

स्पॅनिश शिकायला स्पेनला निघालेली मुलंमुली मला हमखास एकच प्रश्न विचारतात: हॉस्टेल घेऊ, चौघांत फ्लॅट घेऊ, की होस्ट फॅमिलीकडे राहू? माझं उत्तर ठरलेलं आहे. निदान पहिलं सेमिस्टर कुटुंबात राहा. मी सालामांकात एका निवृत्त बाईंच्या घरी राहिले. व्याकरण वर्गात शिकले, पण तोंड उघडलं ते त्यांच्या स्वयंपाकघरात, मेणकापड घातलेल्या टेबलाशी बसून. तिथे काय करावं, काय आधीच विचारून घ्यावं, हे मला कुणी सांगितलं असतं तर पहिले पंधरा दिवस सुखाचे गेले असते. ते आता क्रमाने सांगते.

गाव का हे, ते आधी

माद्रिदपासून दोनशेहून थोडे जास्त किलोमीटर दूर, तोर्मेस नदीकाठी सालामांका आहे. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी त्यांचे स्पॅनिशचे स्वतंत्र अभ्यासक्रम चालतात. बाहेरून आलेल्या मुलांना घरात ठेवायची सवय असलेली कुटुंबं या गावात पुष्कळ आहेत. घरापासून वर्गापर्यंत चालत जाता येतं. इथले लोक बोलतातही सावकाश आणि स्वच्छ. नवशिक्याच्या कानाला हे फार सोपं पडतं.

पहिली पायरी: कागद

९० दिवसांपर्यंतच्या कोर्सला शेंगेन व्हिसा चालतो. त्याहून मोठ्या कोर्सला विद्यार्थी म्हणून राष्ट्रीय व्हिसा लागतो. प्रवेशपत्र, राहण्याचा पत्ता, आरोग्य विमा आणि खर्चाची सोय दाखवणारी बँकेची कागदपत्रं, हा त्याचा कणा. खर्चाचं मोजमाप स्पेन सरकारच्या ‘इप्रेम’ नावाच्या आकड्यावर असतं. २०२३ ते २०२५ या वर्षांत तो महिन्याला ६०० युरो होता. अर्ज करताना चालू आकडा बघून घ्या. राहणं-जेवण आधीच भरलेलं असेल तर त्याची पावती जोडायला विसरू नका.

मुक्काम १८० दिवसांच्या वर जाणार असेल तर पोलीस क्लिअरन्स आणि वैद्यकीय दाखला लागतो. पोलीस क्लिअरन्सवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का, आणि त्याचं अधिकृत स्पॅनिश भाषांतर, या दोन्हींना वेळ लागतो. म्हणून प्रवेशपत्र हातात पडलं त्याच आठवड्यात या कामाला लागा. मी तीन आठवडे ‘बघू’ म्हणत घालवले आणि शेवटी तिकिटाची तारीख बदलावी लागली.

दुसरी पायरी: कुटुंबासाठीचा फॉर्म

तुम्हाला कुटुंब देताना कोर्सची संस्था एक फॉर्म भरून घेते. ॲलर्जी, धूम्रपान, घरात कुत्रा-मांजर चालेल का, लहान मुलं चालतील का, जेवण काय. हा फॉर्म पोरं दोन मिनिटांत उरकतात. तसं करू नका, तुमचे पुढचे चार महिने याच कागदावर ठरतात. लहान मुलं असलेलं घर मिळालं तर जरूर घ्या. सहा वर्षांचं पोर तुमची चूक लगेच दुरुस्त करतं आणि तेच वाक्य दहा वेळा न कंटाळता म्हणतं.

‘पेन्सियोन कोम्प्लेता’ म्हणजे तिन्ही जेवणं, ‘मेदिया पेन्सियोन’ म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. मी तिन्ही घ्यायला सांगेन. स्पेनमध्ये दुपारचं जेवण हेच मुख्य, आणि तेव्हाच सगळं घर टेबलाशी असतं.

‘शाकाहारी’ एवढा एकच शब्द लिहून थांबू नका. तिथे ‘कार्ने’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते मटण-बीफ-पोर्क. टूना मासा किंवा खामोन, म्हणजे मीठ लावून सुकवलेलं डुकराचं मांस, त्यात धरलंच जाईल असं नाही. कोशिंबिरीवर टूना, क्रोकेतांत, म्हणजे तळलेल्या वड्यांत, खामोन, सूपमध्ये हाडांचं पाणी. म्हणून यादीच द्या: “नो कोमो कार्ने, नी पोयो, नी खामोन, नी चोरीथो, नी पेस्कादो, नी आतून.” मटण नाही, कोंबडी नाही, खामोन नाही, चोरीथो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) नाही, मासा नाही, टूना नाही. शेवटी ‘काल्दो’, म्हणजे हाडांचं पाणीही, चालत नाही असं घाला. आणि काय चालतं तेही लिहा: अंडं, दूध, चीज, सगळ्या डाळी. अंडं खात असाल तर तुमचं निम्मं काम झालं, कारण बटाट्याची तोर्तिया, म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, हे तिथलं घराघरातलं जेवण आहे.

तिसरी पायरी: बॅग

घरच्यांसाठी काहीतरी न्यावंसं वाटतंच. पण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप, श्रीखंड सगळं घरीच ठेवा. ताजी फळंही नेता येत नाहीत. नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. हापूसची पेटी विमानतळावरच जाईल. तिळाच्या वड्या, शेंगदाण्याची चिक्की, चहा हे चालतं. मी सेन्योरासाठी, म्हणजे माझ्या घरमालकीण बाईंसाठी, पैठणीच्या काठाची उशीची खोळ नेली होती. ती त्यांनी सोफ्यावर अगदी मधोमध ठेवली.

घरात घालायच्या बंद सपाता नक्की न्या. सालामांका सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. तुम्ही अनवाणी फिरलात तर घरातली प्रत्येक बाई तुमच्यामागे लागेल: सर्दी होईल, घाल काहीतरी पायात. त्यांना ते मनापासून वाटतं.

चौथी पायरी: पहिली संध्याकाळ

माद्रिदच्या बाराखास विमानतळावरून सालामांकाची थेट बस मिळते. माद्रिद शहरात शिरलात तर चामार्तीन स्टेशनवरून आगगाडी आहे. पत्त्यात ‘३º इथक्येर्दा’ असं असेल तर तिसरा मजला, डावीकडचं दार. उजवं ते ‘देरेचा’.

दार उघडल्यावर दोन्ही गालांना गाल लावून स्वागत होईल. अंग चोरू नका. आणि मग पहिला पेच: म्हणायचं काय? ‘उस्तेद’ म्हणजे आपलं तुम्ही, आणि ‘तू’ म्हणजे आपलं तूच, उच्चारही तोच. मी साठीच्या बाईंना अर्थातच उस्तेद म्हणाले. त्यांनी लगेच हात झटकला, “मला तू म्हण.” माझी जीभ रेटेना. मग रात्री अंथरुणात सुचलं की आईला, आजीला, मावशीला आपण तूच म्हणतो की! सकाळपासून त्यांना तू म्हणू लागले. तुम्ही मात्र सुरुवात उस्तेदनेच करा, आणि त्यांनी सांगितलं की बदला.

त्याच संध्याकाळी, भाषा तोडकीमोडकी असली तरी, पाच गोष्टी विचारून घ्या: खालच्या दाराची आणि घराची किल्ली कशी फिरते, जेवणाच्या वेळा कोणत्या, कपडे कोणत्या दिवशी धुतात, गरम पाण्याची सोय काय, आणि वायफायचा पासवर्ड. दार दाखवतील तेव्हा किल्ली स्वतः एकदा फिरवून बघा. जुन्या दारांना दोन-दोन वेढे असतात, आणि रात्री एक वाजता जिन्यात उभं राहून ते शिकायची वेळ येऊ नये.

पाचवी पायरी: जेवण

इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त इथेच बिनसतं.

आधी वेळा. सकाळी कॉफी आणि भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल, किंवा नुसती बिस्किटं. दुपारी दोन ते तीन ‘कोमीदा’. सहाच्या सुमारास ‘मेरियेन्दा’, आपलं मधल्या वेळचं खाणं. रात्री नऊनंतर ‘थेना’, तेही हलकं. आपल्याकडून गेलेल्याला साडेबाराला भूक लागते आणि आठला परत लागते. पहिला आठवडा दप्तरात शेंगदाणे ठेवा. नंतर पोट वळणावर येतं.

आता माझी चूक सांगते. तिसऱ्या दिवशी सेन्योरांनी ‘लेन्तेखास’ केल्या होत्या. सालामांकाच्या उत्तरेला आर्मून्या नावाचा भाग आहे, तिथली मसूर नावाजलेली. मोठ्या दाण्याची, फिकट हिरवी. त्या पातेल्यात चोरीथोच्या चकत्या शिजल्या होत्या. त्यांनी माझ्या ताटलीतून चमच्याने एकेक चकती वेचून काढली आणि म्हणाल्या, “आता नाही हं त्यात.” वर नारिंगी तेलाचा तवंग तसाच होता. मी दोन घास घेतले, पोट भरलं म्हणाले, आणि पुढचे तीन दिवस कधी पाव, कधी संत्री खाऊन काढले, खोलीत बसून. त्यांना वाटलं मला त्यांचा हात आवडत नाही. मला वाटलं बोलले तर त्या दुखावतील. शेवटी कचऱ्याच्या डब्यात सालींचा ढीग बघून त्यांनीच मला खुर्चीवर बसवलं आणि काय झालंय ते विचारलं. मी शब्दकोश पुढे घेऊन सांगितलं: एकत्र शिजलं की माझ्यासाठी ते मांसच.

त्या उठल्या, फडताळातून एक छोटं निळं पातेलं काढलं आणि ओट्यावर ठेवलं. “हे तुझं.” त्या दिवसापासून त्यात वेगळी मसूर शिजायची: लसूण, गाजर, तमालपत्र, आणि ‘पिमेन्तोन’, म्हणजे धुरावर सुकवलेल्या लाल मिरचीची पूड. चव घेतली तर थेट आपली मसुराची आमटी, फक्त कुणीतरी चुलीवर केलेली.

तेव्हा बोला, पहिल्याच दिवशी बोला. तिथे स्पष्ट सांगणं उद्धट समजत नाहीत. न सांगता ताट सरकवणं मात्र लागतं त्यांना. प्रत्येक नव्या पदार्थाला “येवा खामोन?” असं विचारायला हरकत नाही, म्हणजे यात खामोन आहे का. हरभरा-पालक, ‘पिस्तो’ ही टोमॅटो-झुकिनीची भाजी, उन्हाळ्यात गास्पाचो हे टोमॅटोचं गार सूप, हे बिनधास्त मागा.

काही बारकावे. पाव ताटलीत न ठेवता टेबलावरच ठेवतात, आणि काट्यावर घास सरकवायला त्याचाच तुकडा वापरतात. दोन्ही मनगटं टेबलावर दिसली पाहिजेत. डावा हात मांडीवर ठेवायची आपली सवय त्यांना विचित्र वाटते. कुणी जेवायला बसलं असेल आणि तुम्ही आत आलात तर “के आप्रोवेचे!” म्हणायचं.

आणि जेवण झालं की उठायचं नाही. ताटल्या तशाच, संत्री सोलली जातात, कॉफी येते आणि अर्धा-पाऊण तास गप्पा चालतात. याला ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. परीक्षा असो, निरोप यायचा असो, बसून राहा. पहिले पंधरा दिवस मला त्यातलं काही कळत नव्हतं. दुपारी तीनच्या टीव्हीवरच्या बातम्या आणि त्यावर सेन्योरांची शेरेबाजी, एवढंच कानावर पडायचं. महिन्याभराने त्याच शेरेबाजीवर मी वाद घालत होते. कुठल्याही वर्गात हे होत नाही.

एकदा तुम्हीही रांधा. आधी दिवस ठरवून, कारण स्वयंपाकघर त्यांचं आहे. शेगडी बहुतेक काचेची सपाट असते, त्यामुळे फुलका ज्वाळेवर फुगवायचं विसरा. बटाट्याची पिवळी भाजी सगळ्यांना आवडते, मिरची वगळून. फोडणी देताना खिडकी उघडा, आणि हळद सांडली तर तिथल्या तिथे पुसा.

सहावी पायरी: घराची शिस्त

बाथरूम कोरडं ठेवायचं असतं. बादली-तांब्या नाही, पडदा टबच्या आत ओढायचा आणि अंघोळ झाल्यावर फरशी पुसून यायचं. अंघोळ पाच मिनिटांची. पुष्कळ घरांत पाणी ‘बोम्बोना’वर तापतं, म्हणजे नारिंगी रंगाच्या साडेबारा किलोच्या गॅस सिलिंडरवर, तो घरात चढवून आणण्याचे कष्ट त्यांना पडतात.

२०२१ पासून तिथे घरगुती विजेचा दर तासांप्रमाणे बदलतो. मध्यरात्रीनंतर सकाळी आठपर्यंत आणि शनिवार-रविवारी स्वस्त, सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा सगळ्यात महाग. म्हणून वॉशिंग मशीन रविवारीच लागलं तर का, असं विचारू नका. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा. तुमचे कपडे बहुधा आठवड्यातून एकदा घरच्या बाईच धुतील. आतले कपडे हाताने धुवायची सवय असेल तर वाळत घालायची जागा विचारा; दोरी बहुतेक इमारतीच्या आतल्या चौकात, कप्पीवर असते. चिमटे घट्ट लावा. माझा एक मोजा पहिल्या मजल्यावरच्या आजोबांच्या झाडावर पडला आणि तो मागायला गेले तेव्हा त्यांच्याशी ओळख झाली.

खोलीत देवाचा फोटो ठेवायला कुणाची हरकत नसते, उदबत्ती मात्र विचारूनच लावा. दुपारी तीन ते पाच आवाज करू नका. रात्री उशिरा यायला बंदी नसते, पण जेवायला येणार नसाल तर दुपारीच कळवा, आणि रात्री बाहेर राहणार असाल तर निरोप टाका. मित्रमैत्रिणी खोलीवर आणायच्या आधी विचारा. त्यापेक्षा सगळे भेटतात तिथेच भेटा: प्लाथा मायोर या गावातल्या मुख्य चौकात, घड्याळाखाली.

सातवी पायरी: तोंड उघडणं

घरात इंग्रजी बोलायचं नाही, हे पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंनी ठरवा. आणि मराठी माणसाने घाबरण्याचं तर काहीच कारण नाही. स्पॅनिश त आणि द हे आपलेच दंत्य त आणि द. इंग्रजी वळणाचा ट लावू नका. क, त, प श्वास न सोडता म्हणायचे, जसे आपण म्हणतोच. स्वर पाचच आणि स्वच्छ. नवीन असं तिथला थ: इंग्रजी ‘थिंक’मधला, जीभ दातांत धरून.

‘मे गुस्ता एल काफे’ हे वाक्य इंग्रजीतून शिकणाऱ्यांना महिनाभर छळतं. आपल्याला ते आयतं मिळतं: मला कॉफी आवडते. ‘मे गुस्तान लास नारांखास’: मला संत्री आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. ‘मे द्वेले ला काबेथा’: माझं डोकं दुखतंय. विशेषणं लिंगाप्रमाणे बदलतात, त्याचीही आपल्याला सवय आहे. तेव्हा इंग्रजीतून भाषांतर करू नका, थेट मराठीतून उडी मारा. शिवाय पोर्तुगीजांमुळे मराठीत आलेले शब्द तिथे चुलत भावंडांसारखे भेटतात: पगारचा ‘पागार’, म्हणजे पैसे देणे, बटाट्याचा ‘पाताता’, पावाचा ‘पान’, चावीचा ‘यावे’.

दोन शब्दांना जपा. ‘एम्बाराथादा’ म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर. आणि ‘कोन्स्तिपादा’ म्हणजे सर्दी झालेली. बद्धकोष्ठाशी त्याचा संबंध नाही.

आठवी पायरी: नाव आणि कार्ड

सहा महिन्यांहून जास्त राहणार असाल तर पोहोचल्यापासून महिन्याभरात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी, म्हणजे ‘तिये’साठी अर्ज करायचा. त्यासाठी ‘थीता’, म्हणजे वेळ, ऑनलाइन घ्यावी लागते. आल्या आल्याच शोधायला लागा. फॉर्म ईएक्स-१७, फीचा फॉर्म ७९० कोड ०१२, फोटो, पासपोर्ट. बोटांचे ठसे पोलीस घेतात. नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद करायची असेल तर घरमालकाची संमती लागते, तेव्हा कुटुंबाला आधीच विचारून ठेवा.

स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहिलं की त्यांना वडिलांचं नाव हेच पहिलं आडनाव वाटतं. मला वर्गात पहिला महिनाभर वडिलांच्या नावाने हाक मारत होते. फॉर्मवर पासपोर्टात जे नावाखाली आहे ते ‘नोम्ब्रे’त, आडनाव ‘प्रिमेर आपेयीदो’त, आणि ‘सेगुन्दो आपेयीदो’ रिकामं सोडा. सगळीकडे तसंच.

नाहीच जमलं तर

माझ्यासोबतच्या एका मुलीच्या घरी जानेवारीतही हीटर रात्री बंद असायचा आणि रोज रात्री पाकिटातलं गोठवलेलं जेवण. ‘बाहेरच्या देशात आलोय, चालायचंच’ म्हणत तिने दोन महिने काढले. आजारी पडली. मग संस्थेत जाऊन सांगितलं, तर दोन दिवसांत दुसरं घर मिळालं. तुम्ही पैसे भरून राहता आहात. गरम खोली, पोटभर जेवण, खोलीत खासगीपणा आणि सुरक्षित वाटणं एवढं मिळालंच पाहिजे. आधी घरात बोला, आठवड्याभरात फरक पडला नाही तर संस्थेत सांगा. सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर आठवडाही थांबू नका. तातडीचा नंबर ११२.

निघताना

चादरी काढून घडी करून ठेवा, किल्ली हातात द्या. फोन करण्याचं वचन दिलंत तर पाळा. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला फोन आलेला त्यांना फार आवडतो. एरवी रविवार बरा. त्यांचं जेवण तीनला सुरू होतं आणि सोब्रेमेसा साडेचारपर्यंत चालतो. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे आठ वाजलेले असतात, हिवाळ्यात नऊ. त्या वेळी केलात तर फोन टेबलावर उभा करून ठेवतात, आणि सगळे एकदम बोलतात.